दातवणापासून पेरॉक्साइडपर्यंत

जुन्या मराठी घरांतल्या बायकांच्या फणेरपेटीत कुंकू, मेण आणि काजळ यांच्या जोडीला आणखी एक डबी असे. ती दातवणाची. दातवण म्हटले की आज आपल्याला दात घासायची काडी किंवा मंजन आठवते. पण या शब्दाचा एक जुना अर्थ दात काळे करण्याची पूड असाही आहे. सवाष्णीने दातवण लावायचे, विधवेने लावायचे नाही, असा संकेत होता. म्हणजे काळे दात हे सौभाग्याचे लेणे होते. उत्तर हिंदुस्थानात मिस्सी होती, तीही याच जातीची.

या डबीतले रसायनशास्त्र शिक्षकांना ओळखीचे वाटेल. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि मायफळ किंवा हिरडा यांसारखा एखादा तुरट पदार्थ एकत्र आले की लोहाचा टॅनिनशी संयोग होऊन काळा पदार्थ तयार होतो. बोरूने लिहायची जुनी काळी शाई अशीच बनत असे. दातांवर बायका एका अर्थी शाईच चढवत होत्या. वर्गात हे करून दाखवणे सोपे आहे. कडक कोरा चहा गार करून घ्यावा आणि त्यात हिराकसाच्या द्रावणाचे काही थेंब टाकावेत. चहा काळाकुट्ट होतो. आता त्यातच लिंबू पिळत जावे. काळेपणा हळूहळू फिका पडतो. लिंबाचा हा गुण लक्षात ठेवावा, पुढे त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे. (हे द्रावण अर्थातच तोंडात घ्यायचे नाही.)

जपानातही दात काळे करण्याची चाल शेकडो वर्षे होती. तिला तिथे ओहागुरो म्हणत. लोखंडाचे तुकडे व्हिनेगरमध्ये मुरवायचे आणि त्यात झाडावरच्या गाठींची टॅनिनयुक्त पूड मिसळायची. दोन देशांतल्या बायकांनी एकमेकींना न विचारता एकच अभिक्रिया वापरली, ही गंमत आहे. १८७० मध्ये जपानी सरकारने उमराव घराण्यांना ही चाल बंद करायला सांगितले. १८७३ मध्ये खुद्द सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली आणि मग ही फॅशन ओसरत गेली. आपल्याकडे असा हुकूम कोणी काढला नाही. दातवणाची डबी गुपचूप फणेरपेटीतून नाहीशी झाली.

पांढऱ्या दातांची हौस मात्र नवी नाही. रोमन कवी कॅटलस याने एग्नाशियस नावाच्या एका गृहस्थाची टर उडवली आहे, कारण हा माणूस सतत दात दाखवत हसे आणि ते दात स्पेनकडच्या रिवाजाप्रमाणे लघवीने घासलेले असत. किळस बाजूला ठेवली तर यात तथ्य आहे. साठवलेल्या लघवीतल्या युरियापासून अमोनिया तयार होतो आणि अमोनिया मळ काढतो. रोमन धोबी कपडे धुण्यासाठी तेच वापरत. आपल्याकडच्या चरकसंहितेत करंज, रुई, अर्जुन वगैरे झाडांच्या तुरट, तिखट, कडू काड्या चावून दात साफ करावेत असे सांगितले आहे. त्यात भर स्वच्छतेवर आणि तोंडाच्या चवीवर आहे.

गेल्या दीडदोनशे वर्षांत आपल्या घरांत दात ज्या पदार्थांनी घासले गेले त्यांची यादी बरीच मोठी होईल. गोवऱ्यांची राखुंडी, कोळशाची पूड, भाताच्या तुसाची राख, मीठ, विटेचा भुगा, बारीक वाळूसुद्धा. यांचे काम एकच, घासून मळ काढणे. यातला प्रश्न काठिण्याचा आहे. मोह्‌सच्या मापाने दातावरच्या इनॅमलचे काठिण्य सुमारे ५ भरते. खडूसारख्या कॅल्शियम कार्बोनेटचे ३ आणि खाण्याच्या सोड्याचे अडीचच्या आसपास. वाळूतल्या क्वार्ट्‌झचे ७. कठीण पदार्थ मऊ पदार्थावर ओरखडा काढतो, हा नियम आपण खनिजांच्या धड्यात शिकवतो. तो दातालाही लागू आहे. तुसाच्या राखेचा फार मोठा भाग सिलिका असतो. वाळू, विटेचा भुगा आणि अशी राख दातावरचा डाग काढतात, पण त्याबरोबर दातही थोडा काढतात. हे रोजच्या रोज वीसतीस वर्षे चालले की हिरडीजवळ खाचा पडतात आणि गार पाणी लागले की माणूस कळवळतो.

आज कोळसा नव्या वेष्टनात परत आला आहे. सक्रिय कोळशाची पेस्ट दात पांढरे करते असे तिच्यावर छापलेले असते. २०१७ मध्ये अमेरिकन दंतवैद्यक संघटनेच्या मासिकात या पेस्टांबद्दलच्या उपलब्ध अभ्यासांचा आढावा आला. त्या निरुपद्रवी आहेत किंवा उपयोगी आहेत, असे म्हणायला पुरेसा पुरावा मिळत नाही असा त्याचा निष्कर्ष होता. आजीच्या राखुंडीला निदान पैसे तरी पडत नव्हते.

मशेरीबद्दल मात्र इतक्या हलक्या सुरात लिहिता येणार नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, तिची पूड करायची आणि ती दातांना लावायची. महाराष्ट्राच्या खेड्यांत आणि गिरणगावांत असंख्य बायकांचा दिवस तिनेच सुरू होई. सुरुवात दात साफ करण्यापासून होते. निकोटीन हिरडीतून रक्तात शिरते आणि मग दिवसातून चारपाच वेळा दात ‘घासावेसे’ वाटू लागतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन विभागाने पुणे जिल्ह्यातल्या एक लाखाहून अधिक ग्रामस्थांची तोंडे तपासली होती. १९७२ मध्ये ती पाहणी प्रसिद्ध झाली. तोंडाचा कर्करोग आणि त्याच्या आधीच्या खुणा यांचा तंबाखूशी असलेला संबंध अशा पाहण्यांमधून पक्का होत गेला. १९९२ मध्ये भारत सरकारने टूथपेस्ट आणि टूथ पावडरमध्ये तंबाखू घालायला बंदी केली. पण घरच्या तव्यावर भाजलेली मशेरी कोणत्याच कारखान्यात तयार होत नाही, आणि तिच्यापर्यंत कायद्याचा हात पोचणे कठीण असते.

युरोपात न्हावी केस कापत, फोडे कापत आणि दातही उपटत. दात पांढरे करून देणे हेही त्यांच्याच धंद्यात मोडे. आधी कानसीने दात घासायचे आणि मग त्यांवर नायट्रिक अॅसिडचे पाणी फिरवायचे. दात तत्काळ शुभ्र दिसत. गिऱ्हाईक खूश होऊन जाई आणि काही वर्षांनी तेच दात किडून उपटून घ्यायला परत येई. इनॅमलचा जवळजवळ सगळा भाग कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे खनिज आहे. तोंडातला सामू साडेपाचच्या खाली गेला की ते विरघळू लागते. लिंबाच्या रसाचा सामू २ ते ३ असतो. चहातला काळेपणा लिंबाने गेला होता. दातावरचा चहाचा डागही त्याने कदाचित फिका होईल, पण त्या वेळात खालचे इनॅमल मऊ पडलेले असेल आणि वरून ब्रश फिरवला तर ते निघून येईल. घरगुती उपायांच्या सदरांत लिंबू आणि सोडा हे मिश्रण नेहमी दिसते. त्यातला सोडा लिंबाची आम्लता काही प्रमाणात मारतो, त्यामुळे उपाय करणाऱ्याचे नशीब थोडे बरे असते इतकेच. अंड्याचे कवच लिंबाच्या रसात रात्रभर ठेवून मुलांना सकाळी दाखवावे. कवचाचा पदार्थ इनॅमलपेक्षा वेगळा आहे, ते कॅल्शियम कार्बोनेट असते, हे सांगायला विसरू नये.

आता मुळात दात पांढरा असतो का? इनॅमल बरेचसे पारदर्शक असते. त्याच्या खालचे डेंटीन पिवळसर असते आणि तो पिवळेपणा वरून दिसतो. वय वाढते तसे इनॅमल झिजते आणि डेंटीन अधिक गडद होते. म्हणून निरोगी, नीट घासलेले दातही पिवळसर दिसू शकतात. शिवाय काही डाग दातावर नसतातच. ते दाताच्या आत, दात घडत असतानाच बसलेले असतात. हे ज्याने चिकाटीने शोधून काढले त्याची गोष्ट मुळातून सांगण्यासारखी आहे.

फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य १९०१ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी व्यवसायासाठी आला. तिथल्या कितीतरी लोकांच्या दातांवर तपकिरी, चॉकलेटसारखे डाग होते. गावकऱ्यांकडे कारणांची कमतरता नव्हती. डुकराचे मांस फार खाल्ल्यामुळे, वाईट दुधामुळे, पाण्यातल्या चुन्यामुळे असे डाग पडतात, असे जो तो सांगे. पुस्तकांत मॅकेला काहीच सापडले नाही. अखेर त्या काळचे सर्वांत नामांकित दंतसंशोधक जी. व्ही. ब्लॅक यांना त्याने हा प्रश्न कळवला. १९०९ मध्ये ब्लॅक तिथे आले आणि पाहून थक्क झाले. त्या गावात जन्मलेल्या मुलांपैकी जवळजवळ ९० टक्के मुलांच्या दातांवर डाग होते.

१९१५ मध्ये ब्लॅक वारले. तोवर दोघांना दोन गोष्टी कळल्या होत्या. पहिली ही की मोठेपणी गावात राहायला आलेल्यांना डाग पडत नव्हते. म्हणजे जे काही घडत होते ते दात हिरडीत तयार होत असतानाच. दुसरी गोष्ट चक्रावून टाकणारी होती. हे डागाळलेले दात सहसा किडत नव्हते.

१९२३ मध्ये मॅके आयडाहो राज्यातल्या ओकली गावी गेला. तिथल्या आईबापांनी त्याला सांगितले की पाच मैलांवरच्या उष्ण झऱ्याचे पाणी नळाने गावात आणल्यापासून मुलांचे दात डागाळू लागले आहेत. मॅकेने त्या पाण्याची तपासणी केली, पण संशयास्पद असे काही हाती लागले नाही. तरीही त्याने ते पाणी सोडायचा सल्ला दिला. गावाने दुसरा झरा धरला आणि काही वर्षांतच नव्या मुलांचे दात स्वच्छ येऊ लागले. पाण्यात काय आहे ते ठाऊक नसताना पाणीच कारण आहे हे सिद्ध झाले! विज्ञानाच्या पद्धतीचे यापेक्षा चांगले उदाहरण वर्गासाठी शोधूनही मिळणे अवघड.

यानंतर आर्कान्सासमधले बॉक्साइट हे गाव आले. नावाप्रमाणे ते एका अॅल्युमिनियम कंपनीचे खाणगाव होते. तिथल्या मुलांचे दात डागाळलेले आणि पाचएक मैलांवरच्या दुसऱ्या गावातल्या मुलांचे स्वच्छ. मॅकेचा अहवाल कंपनीचा मुख्य रसायनतज्ज्ञ एच. व्ही. चर्चिल याच्या वाचनात आला आणि तो अस्वस्थ झाला. अॅल्युमिनियमची भांडी विषारी असतात असा प्रचार त्या वेळी जोरात होता. त्यात ही भर नको, म्हणून त्याने गावच्या पाण्याचे वर्णपटाच्या साहाय्याने सूक्ष्म विश्लेषण करवले. उत्तर आले फ्लोराइड, आणि तेही भरपूर. पाण्यात फ्लोराइड असेल असे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. चर्चिलला ते खरे वाटेना. त्याने नवा नमुना मागवून पुन्हा तपासायला लावला. पुन्हा फ्लोराइडच. हे १९३१ साल. मॅकेने पहिला डाग पाहिला त्याला तीस वर्षे झाली होती.

पुढचा भाग बहुतेकांना माहीत असतो. ट्रेंडली डीन याने कोणत्या प्रमाणाला काय होते ते मोजले, दर लिटरला साधारण १ मिलिग्रॅम फ्लोराइडला डाग नगण्य आणि कीड कमी असे त्याला आढळले, आणि १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात मुद्दाम फ्लोराइड मिसळले गेले. टूथपेस्टच्या नळीवर आज फ्लोराइड हा शब्द दिसतो तो या तपकिरी डागांमुळे.

आपल्याकडे गोष्ट उलट्या बाजूने आली. १९३७ मध्ये तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागातून अति फ्लोराइडच्या विकाराची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध झाली. तिथे दातांच्या पुढे जाऊन हाडे ताठरली होती, पाठीचा कणा वाकेनासा झाला होता. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आढळते. ज्या खडकात फ्लोराइडयुक्त खनिजे आहेत तिथे खोल विंधनविहिरीचे पाणी त्या खडकाशी दीर्घकाळ संपर्कात राहिलेले असते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरे पाणीच नसेल तर १.५ पर्यंत. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तुरटी आणि चुना वापरून पाण्यातले फ्लोराइड कमी करण्याची पद्धत बसवली. ती नालगोंडा पद्धत म्हणून ओळखली जाते.

अशा गावातल्या शाळेत तपकिरी दातांची मुले बाकांवर बसलेली असतात. स्वच्छतेच्या तपासणीच्या दिवशी त्यांना उभे करून ‘दात घासत नाहीस का?’ असे विचारले जाते. मूल घरी जाऊन राखुंडीने, विटेच्या भुग्याने हिरडीतून रक्त येईपर्यंत दात घासते. डाग तसाच राहतो. अति फ्लोराइडमुळे इनॅमल नीट भरीव होत नाही, सच्छिद्र राहते. दात येताना खडूसारखे पांढरट असतात आणि नंतर त्या छिद्रांत अन्नपाण्यातले रंग मुरून ते तपकिरी होतात. घासण्याचा त्याच्याशी संबंध नाही. एकाच गावातल्या, एकाच पाण्यावर वाढलेल्या बऱ्याच मुलांच्या पुढच्या दातांवर, डाव्याउजव्या बाजूंना सारखेच डाग असतील तर शिक्षकाने मुलांना बोलण्याऐवजी पाण्याचा नमुना तपासायला पाठवावा. जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेत ही तपासणी होते.

टेट्रासायक्लिन गटातल्या औषधांचीही अशीच कथा आहे. १९४८ मध्ये हे प्रतिजैविक आले आणि १९५६ मध्ये ते दिलेल्या मुलांचे दात पिवळे, करडे होत असल्याची पहिली नोंद झाली. ही औषधे दातातल्या कॅल्शियमला चिकटून बसतात. म्हणून आठ वर्षांखालील मुलांना आणि गर्भवतींना ती सहसा देत नाहीत.

आतल्या डागांवर पहिला उपाय कोलोरॅडोतच झाला. १९१६ मध्ये वॉल्टर केन या दंतवैद्याने हायड्रोक्लोरिक अॅसिडने ते डाग काढले. न्हाव्याच्याच जातीचा उपाय, फक्त जाणत्या हाताने केलेला. अॅसिड आणि बारीक पूड यांनी इनॅमलचा अगदी पातळ थर काढायची ही रीत सुधारलेल्या स्वरूपात दंतवैद्य आजही वापरतात. घरी मात्र ती कोणीही करू नये.

घरी करता येण्यासारखा उपाय दुसऱ्याच वाटेने आला. लुई थेनार या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८१८ मध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड शोधले. त्याचा रेणू सहज मोडतो आणि त्यातून सुटणारा क्रियाशील ऑक्सिजन रंगीत रेणूंचे ऑक्सिडीकरण करतो. हे रेणू लहान असल्यामुळे इनॅमलमधून झिरपून डेंटीनपर्यंत पोचतात. दात न घासता, न विरघळवता आतला रंग फिका होतो. १८८४ पासून दंतवैद्य ते वापरू लागले होते, पण तीव्र द्रावण, कधी उष्णता तर कधी प्रखर दिवे, आणि तेही दवाखान्याच्या खुर्चीत.

१९६८ च्या सुमारास आर्कान्सासमधल्याच फोर्ट स्मिथ गावी बिल क्लुस्मायर हे दात सरळ करणारे दंतवैद्य होते. हिरडीची जखम भरावी म्हणून त्यांनी एका रुग्णाला साच्यात कार्बामाइड पेरॉक्साइडचे सौम्य औषध घालून तो साचा रात्री तोंडात ठेवायला सांगितला. हिरडी बरी झाली आणि शिवाय दात उजळले. त्यांनी ही गोष्ट स्थानिक दंतवैद्यांच्या बैठकांत सांगितली. वीस वर्षे ती अशीच तोंडोतोंडी फिरत राहिली. १९८९ मध्ये उत्तर कॅरोलायना विद्यापीठातल्या हेवूड आणि हेमन यांनी तिच्यावर शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला, आणि घरी रात्री साचा लावून दात उजळवण्याची पद्धत जगभर पसरली.

कार्बामाइड पेरॉक्साइड म्हणजे युरिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांची जोडी. १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडमधून सुमारे ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते. उरलेल्या युरियापासून तोंडात थोडा अमोनिया तयार होतो आणि सामू वाढतो, म्हणजे दाताला धोक्याच्या विरुद्ध दिशेला जातो. एग्नाशियसचा युरिया अशा रीतीने दोन हजार वर्षांनी दातांवर परतला!

या पद्धतीत दंतवैद्य रुग्णाच्या दातांचा ठसा घेऊन पातळ साचा बनवतो, म्हणजे औषध हिरडीवर पसरत नाही. फरक दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. टेट्रासायक्लिनच्या डागांना कित्येक महिने. बऱ्याच जणांचे दात त्या काळात शिवशिवतात आणि उपाय थांबवला की ते कमी होते. भरलेल्या दातातले सिमेंट किंवा बसवलेली टोपी यांचा रंग बदलत नाही, त्यामुळे पुढच्या दातात जुने सिमेंट असेल तर ते आधीपेक्षा उठून दिसू लागते. फ्लोराइडचे तपकिरी डाग पेरॉक्साइडने फिके होतात, पांढरे ठिपके जात नाहीत, फक्त आजूबाजूचा दात उजळल्याने थोडे लपतात. एकच दात काळवंडला असेल तर त्याची नस मेलेली असू शकते, आणि तिथे उजळवण्याआधी तपासणी हवी.

औषधाच्या दुकानातली जखम धुवायची बाटली मात्र यासाठी नव्हे. तिच्यावर ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलेले असते. म्हणजे त्या द्रावणाच्या एका लिटरमधून २० लिटर ऑक्सिजन सुटतो, आणि टक्क्यांत मोजले तर ते सुमारे ६ टक्के भरते. गुळण्यांसाठी किंवा कापसाने दातांना लावण्यासाठी ते वापरले तर हिरड्या भाजून पांढऱ्या पडतात. युरोपीय संघाने २०११ च्या निर्देशात ०.१ टक्क्यापेक्षा जास्त पेरॉक्साइडची दात उजळवायची उत्पादने दुकानात थेट विकायला मनाई केली. ६ टक्क्यांपर्यंतची फक्त दंतवैद्यामार्फत द्यायची आणि १८ वर्षांखालील मुलांसाठी वापरायची नाहीत, असे ठरवले.

दंतवैद्याशिवाय घरी करण्यासारखे काय उरते, तर चहा, पान आणि तंबाखू यांचे वरवरचे डाग. मऊ ब्रश आणि फ्लोराइडची साधी पेस्ट दिवसातून दोनदा वापरली तर नवे डाग कमी बसतात. खाण्याच्या सोड्याची पेस्टही चालते, कारण तो इनॅमलपेक्षा खूप मऊ आहे. चहा प्यायल्यावर पाण्याने चूळ भरावी. लिंबू सरबत किंवा चिंचेचे पाणी प्यायले असेल तर लगेच ब्रश करू नये, अर्धा तास जाऊ द्यावा. तोवर लाळेतले कॅल्शियम आणि फॉस्फेट मऊ पडलेल्या इनॅमलमध्ये काही प्रमाणात परत बसलेले असते.